थारो

इनाससर खुर्चीवर बसले की त्यांचा उजवा गुडघा हलायला लागायचा. टाच म्हणून जमिनीला टेकायची नाही. टेबलावरच्या कपातला चहा डुचमळायचा, पेन्सिली घरंगळायच्या आणि समोर बसलेल्या माणसाला उगाचच वाटायचं, की आपल्यालाच कुठेतरी जायला उशीर होतोय. मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा बसले ती नोकरी मागायला. त्यांनी मला काय काय विचारलं ते आज काही केल्या आठवत नाही, तो गुडघा मात्र आठवतो. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "सर, तुमका खंय जावचां आसा काय? मी मगे येतंय."

"खंय जावचां नाय. तू बस," ते म्हणाले. "माका थारो नाय, तां माका म्हायत आसा. तुका आसा काय, तितक्या सांग."

मी म्हटलं, घरात माझ्यासाठी स्थळं बघणं चाललंय, तेव्हा थाऱ्याचं मी काय सांगू! ते हसले आणि मला कामावर घेतलं. बी.एस्सी.ला माझा फिजिक्स विषय होता, हे मी सांगायचं विसरले आणि त्यांनी विचारलंही नाही.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. मालवणहून तारकर्लीला जाणाऱ्या रस्त्याला, माडांच्या आत, इनास फर्नांडिस यांचं चिऱ्यांचं घर होतं. पूर्वी ज्या खोलीत नारळ ठेवायचे ती आणि तिच्यापुढची पडवी, एवढाच आमचा कारखाना. आम्ही चार मुली, सर, आणि देखरेखीला सरांची आई, कात्रीनमाय. गावात कुणी विचारलं की तिथे काय बनतं, तर आमची तारांबळ उडायची. रोबोटचं सामान म्हटलं की लोक सिनेमातला डोक्यावर दिवे लावलेला पत्र्याचा माणूस डोळ्यांसमोर आणायचे. माझ्या वडिलांनी तर पाहुण्यांना "रेडिओ दुरुस्तीचं काहीतरी" असं सांगून विषय मिटवला होता.

सर आधी पुण्याला एका मोठ्या कारखान्यात होते. तिथे वेल्डिंगसाठी परदेशातून रोबोट आणले होते. रोबोट म्हणजे डोकं नाही, पाय नाहीत, नुसता एक लांब हात. त्या हाताच्या प्रत्येक सांध्यात एक मोटर. कुठल्या सांध्यानं किती वळायचं ते कंट्रोलर नावाचं एक कपाट ठरवतं. पण ठरवणं वेगळं आणि तसं होणं वेगळं, हे लग्नाच्या बैठकी बसलेल्या घरात कुणाला सांगायला नको. त्या कपाटात, हुकूम आणि मोटर यांच्या मध्ये, एक पाटीएवढी पेटी बसते. तिचं नाव सर्वो ड्राइव्ह. ती मोटरला बेतानं वीज देते, "कुठे पोचलीस, कुठे पोचलीस" असं तिला सारखं विचारत राहते, आणि जागा आली की तिला तिथेच धरून ठेवते. परदेशातून आलेल्या या पेट्या आपल्याकडच्या विजेला टिकेनात. एक जळली की नवी येईपर्यंत रोबोट आपला हात वर करून उभा. सरांच्या डोक्यानं घेतलं, की ही पेटी आपण इथे बनवायची. कारखान्यात भांडण झालं आणि सर मालवणला निघून आले.

त्या पेटीवर एक बारीकसा स्क्रू असायचा. तो जास्त पिळला तर मोटर जागेवर पोचूनही थांबायची नाही, पुढे-मागे, पुढे-मागे थरथरत राहायची. कमी पिळला तर जेवून उठलेल्या माणसासारखी सावकाश यायची. दोन्हीच्या मधली एक जागा असते. तिथे मोटर झपकन येते आणि शांत उभी राहते. त्या जागेला पुस्तकात लांबलचक इंग्रजी नावं होती. सर त्याला 'थारो' म्हणायचे. मन थाऱ्यावर नाही म्हणतात ना, तोच हा थारा. "थारो गावलो काय गो?" एवढंच ते विचारायचे आणि आम्ही होय किंवा नाही म्हणायचं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. दोन मोटरी टेबलावर ठेवल्या. दोन्ही अगदी स्थिर.

"ह्यांतली थाऱ्यावर खंयची?"

मी म्हटलं, दोन्ही.

"हात लाव आणि ढकल."

एकीचा दांडा बोट लावताच गरगर फिरला. दुसरीचा हलेचना. मी जोर लावला तसा तो केसभर सरकला आणि माझं बोट मागे सारून पुन्हा आपल्या जागेवर आला. सरांनी पहिलीची तार उचलून दाखवली, ती कशालाच जोडलेली नव्हती. "गप्प उभी आसा म्हणान फसू नको. वीज गेलेली मोटरय गप्पच आसता. ढकलून बगूचां. उलटी इली, तर जित्ती."

सरांची खरी परीक्षा मात्र डवलीची होती. होडीच्या जुन्या फळीचं टेबल, त्यावर मोटर, मोटरला लोखंडी पट्टीचा हात, आणि हाताच्या टोकाला करवंटीची डवली बांधलेली. डवलीत काठोकाठ पाणी. बटण दाबलं की तो हात या टोकाकडून त्या टोकाला जाणार आणि थांबणार. पाणी सांडता कामा नये. एक थेंब टेबलावर दिसला की सर आम्हाला बाजूला सारून स्वतः स्क्रूशी बसायचे. गुडघा हलत असायचाच, त्यामुळे टेबल हलायचं, त्यामुळे पाणी सांडायचं, आणि आम्ही तोंडाला ओढणी लावून हसायचो. "सर, ड्राइव्ह बरो आसा, तुमी उठा," असं सांगायचं काम माझ्याकडे होतं, कारण बाकीच्या घाबरायच्या.

ती डवली कात्रीनमायची होती. सरांनी ती स्वयंपाकघरातून न विचारता उचलली होती. माय दिवसातून एकदा तरी दारात येऊन उभी राहायची. "माजी डवली खंय? सार कशान वाढू? हातान?" सर तिला बाजारातून स्टीलचा चमचा आणून द्यायचे. ती तो मांजराला दूध घालायला वापरायची.

मायचा उजवा हात थरथरायचा. मी लागले तेव्हा थोडासाच, कप धरताना. वर्षभरात तो इतका वाढला, की पेजेची वाटी तोंडाशी नेईपर्यंत अर्धी पेज मांडीवर. एकदा ती अशीच पडवीत पेज पीत बसली होती आणि समोर डवलीची परीक्षा चालली होती. डवली या टोकाला गेली, त्या टोकाला आली. थेंब नाही. माय बराच वेळ बघत राहिली.

"इनास," ती म्हणाली, "तुज्या मशिनीच्या हातातलां पाणी सांडना नाय आणि माज्या हातातली पेज सांडता. माकाय तो स्क्रू बसव मरे."

आम्ही मुली हसलो. मायनं हसवण्यासाठीच म्हटलं होतं. सर हसले नाहीत. त्यांनी बटण बंद केलं, चपला पायात सरकवल्या आणि "जातंय" म्हणून चालते झाले.

हे "जातंय" रोजचं होतं. दिवसातून कितीदा तरी ते उठून जायचे. बाजारात, तार ऑफिसात, किनाऱ्यावर, कुठेही. आणि दर खेपेला मागून मायचा ओरडा ठरलेला: "जातंय म्हणू नको रे मेल्या! येतंय म्हण!" आपल्याकडे घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, हे शेंबड्या पोराला कळतं. सरांचं उत्तरही ठरलेलं असायचं. "परत येवचांच आसा, तर म्हणूक कित्या व्हया?" ते खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, पलीकडे पोचलेले असायचे तेव्हा हे उत्तर यायचं.

मालवणातच का कारखाना, असं कुणी विचारलं की सर एक भाषण द्यायचे. इथल्या हवेत मीठ आहे, इथली वीज कधी पडते कधी चढते, तेव्हा इथे जी पेटी जगली ती जगात कुठेही जगेल. भाषण खोटं नव्हतं. संध्याकाळी दिवे मंदावले की सगळा गाव वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडायचा आणि आमचे सर उड्या मारायचे. "लाईट पडली! ड्राइव्ह लावा, लावा, बेगीन लावा!" तयार ड्राइव्ह ते पडवीत दोरीवर टांगून ठेवायचे, मिठाची हवा खायला. त्याच दोरीवर मायचे खारवलेले बांगडे असायचे. शेजारची एक बाई एकदा येऊन विचारू लागली, "कात्रीनमाय, ह्यां काय सुकत घातलंस?" माय म्हणाली, "माज्या झिलाची अक्कल. अजून सुकली नाय."

पण भाषणात नसलेलं कारणही आम्हाला ठाऊक होतं. सरांचे वडील नव्हते, भाऊबहीण नव्हतं. मायला त्यांनी एकदा पुण्याला नेलं होतं. महिनाभरात ती परत आली. मी विचारलं, का गो माय? तर म्हणाली, "थय दर्याचो आवाज येना नाय. माका वाटलां, मी भयरी झालंय." ती इथून हलणार नव्हती, तेव्हा सरांना इथे राहायला हवं होतं, आणि इथे राहायचं तर इथे काम हवं होतं. जागेवर न बसणारा हा माणूस एका जागी राहता यावं म्हणून इतकी धडपड करत होता. मला त्याचं हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

पुण्याच्या कारखान्याशी त्यांचं बोलणं झालं होतं ते असं. एका रोबोटचे सगळे ड्राइव्ह मालवणहून पाठवायचे. चालले, तर पुढचं काम मालवणला मिळेल. नाही चालले, तर सरांनी मुकाट्यानं पुण्याला येऊन दुरुस्ती खात्यातली आपली जुनी खुर्ची धरायची. म्हणजे माय इथे एकटी, त्या थरथरत्या हातानिशी. हे सरांनी आम्हाला कधी समोर बसवून सांगितलं नाही. डवलीतून थेंब पडला की त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

पहिला संच तयार झाला तेव्हा पॅकिंगचा प्रश्न आला. थर्माकोल तेव्हा मालवणात मिळायचा तो गणपतीच्या मखरापुरता. माय म्हणाली, "काथ्यात घाला. अंडी काथ्यात ऱ्हवतत, काच ऱ्हवता, तुमची पेटी ऱ्हवाची नाय काय?" आम्हाला पटलं. सरांनाही पटलं. मायनं घरातलाच मऊ सोनेरी काथ्या काढून दिला, आम्ही तो बोटांनी विंचरून आणखी मऊ केला आणि एकेक ड्राइव्ह पक्ष्याच्या घरट्यात ठेवावा तसा खोक्यात ठेवला. खोकी ट्रकनं गेली. वाटेत घाटात दरड आली, ट्रक पावसात अडकून पडला, आणि खोकी पुण्याला पोचली ती ओलसर होऊन.

ट्रंककॉल आला तेव्हा सर तार ऑफिसातून धावतच आले. पुण्याच्या माणसानं खोकं उघडलं तर सगळ्या पितळी पिना हिरव्या. दोन ड्राइव्ह लावताक्षणी गेले, उरलेले त्यांनी लावलेच नाहीत.

"हिरवे कसे?" सर ओरडत होते. "दोरयेर टांगलेले तेवा हिरवे झाले नाय! व्हार्निश कोणी मारलेला? कोणी?" व्हार्निश मीच मारलं होतं आणि व्यवस्थित मारलं होतं. पिनांना ते मारायचं नसतं, हेही त्यांनीच सांगितलेलं. मी तसं म्हटलं, तेव्हा ते आणखीनच चवताळले. खोलीभर येरझारा घालताना कोपऱ्यातल्या काथ्याच्या पोत्याला त्यांचा पाय लागला आणि ते थांबले. त्यांनी चार धागे ओढून काढले, तोंडात घातले आणि चावले.

"खारट," ते म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी एकेक धागा चाखला. खारटच होता. आमच्याकडे नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात महिनोन् महिने पुरून ठेवतात, कुजली की ठोकून त्यांचा काथ्या काढतात. आम्ही सगळी त्या खाडीकाठी वाढलेली माणसं. हवेतलं मीठ पेटीला बाधू नये म्हणून वर्षभर जिवाचं रान केलं, आणि शेवटी तिला आपल्याच हातानं मिठात पुरून पुण्याला पाठवलं! घाटावरचा एखादा माणूस असता तर त्याला वास तरी आला असता. आम्हाला मीठ जाणवतच नाही.

दारातून माय म्हणाली, "काथो माजो. तेंका बोलू नको."

सरांनी हातातले धागे खाली टाकले. मग "जातंय" म्हणाले आणि गेले. त्या दिवशी "येतंय म्हण" असं मागून कुणी ओरडलं नाही. माडांतून किनारा दिसायचा. ओल्या वाळूत ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात होते आणि परत येत होते. माय माझ्या खांद्याला धरून उभी होती. तिचा हात थरथरत होता तो मला खांद्यावर कळत होता. "पाळण्यातय असोच," ती म्हणाली. "झोको थांबलो की रडा."

कारखान्यानं आणखी एकदा बघायचं कबूल केलं, पण हे शेवटचं, असं बजावून. सरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यातच त्यांनी दुसरं एक काम काढलं. किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीच्या जाळ्याला खाली शिशाची वजनं असतात, ती त्यांनी कुणा ओळखीच्या रापणकराकडून आणली आणि मायच्या कपाच्या बुडाला बाहेरून पितळी कडं बसवून त्यात भरली. जड वस्तू कमी थरथरते, हे त्यांचं गणित. गणित बरोबर होतं. माय त्या कपातून चहा प्यायली आणि फारसा सांडला नाही. सर लहान मुलासारखे तिच्या तोंडाकडे बघत बसले होते.

मायनं कप खाली ठेवला. "ह्यो कप काय रे? होडयेचो नांगर!" सर काहीतरी समजावू लागले, वजन, वेग, अमुक तमुक. ती म्हणाली, "हात माजो आसा. थरथरता तर थरथरू दी. तू माज्या वांगडा बसान चाय पी, तितक्या पुरो."

सर बसले. अर्धा कप झाला नसेल, गुडघा सुरू झाला. मायनं आपला थरथरता हात त्या गुडघ्यावर ठेवला. कोण कुणाला थांबवत होतं देव जाणे, कारण थांबलं कुणीच नाही. मी तिथून उठून आत गेले. मला त्या दोघांचा राग आला होता. एकमेकांवर इतका जीव असलेल्या माणसांना स्वस्थ बसून चहा का पिता येऊ नये?

पावसाळा सरता सरता माय गेली. साधा ताप आला होता. दुसरा संच तोवर तयार झाला होता, डवलीतून एक थेंब न सांडता. तो नुसता खोक्यात भरून पुण्याला न्यायचा राहिला होता.

चर्चमधून परत आल्यावर सर पडवीच्या पायरीवर बसले आणि बसूनच राहिले. आम्ही रोज कामाला यायचो, झाडलोट करायचो, डवली धुवायचो. येणारे जाणारे त्यांना म्हणायचे, आता लग्न कर, ते म्हणायचे "बरां." कुणी म्हणालं, घर विक, तर "बरां." पाद्री म्हणाले, पुण्याला जा, "बरां." कुणाचं एक अक्षर कधी ऐकून न घेणारा माणूस! गावात बोललं जाऊ लागलं, की इनास आता शांत झाला, शहाणा झाला.

एका सकाळी मी झाडू मारत पायरीपर्यंत आले आणि मला त्यांचा पाय दिसला. टाच जमिनीला टेकलेली होती. गुडघा स्थिर. मी झाडू हातात धरून उभी राहिले. मला टेबलावरच्या त्या दोन मोटरी आठवल्या, आणि खरं सांगते, मी घाबरले.

मी म्हटलं, ढकलून बघायचंच.

"सर," मी म्हटलं, "पुण्याचे ड्राइव्ह भरूचे आसत. काथो शिल्लक आसा. काथ्यातच घालू मां?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "घाल," ते म्हणाले.

मी झाडू टाकला. आत गेले, कोपऱ्यातलं पोतं उघडलं आणि त्यात हात घालून तशीच जमिनीवर बसले. बाकीच्या मुली विचारू लागल्या, काय झालं? मी काय सांगणार होते? दांडा गरगर फिरला म्हणून?

आणि मग बाहेरून ओरडा आला.

"गो सुलू! काय म्हटलंस? काथ्यात? काथ्यात घालतंस? खुळी काय गो तू!" सर दारात उभे होते. डोळे लाल, दाढी वाढलेली. त्यांनी माझ्या हातातलं पोतं हिसकावलं आणि फरफटत नेऊन खळ्यात फेकलं. "इतक्या शिकवलंय, तां सगळां खंय गेलां? पाण्यात?" मी रडत होते आणि हसत होते, आणि ते आणखीनच तडकत होते. बोलणी खाऊन मला आयुष्यात कधी एवढं बरं वाटलं नाही.

काथ्या नाही तर दुसरं काय, याचा विचार करत ते घरभर फिरले. मग मायची कपड्यांची पेटी उघडून त्यांनी तिची जुनी सुती लुगडी आणली आणि माझ्या हातात दिली. "धू. विहिरीच्या पाण्यान. समुद्राकडे वाळत घालू नको, घरात घाल." मी धुतली. वाळल्यावर त्यांनी एका लुगड्याचा पदर तोंडात धरून चाखला.

"खारट आसा," ते म्हणाले. "परत धू."

मी पुन्हा धुतली. वाळवली. त्यांनी चाखली. "खारटच आसा." त्यांच्या पाठीमागे मी तो पदर चाखून बघितला. कापडात मीठ नव्हतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, गाल ओले होते. पुन्हा एकदा धुतली.

पुढचं चटकन सांगून टाकते, कारण माझा जीव त्यात नाही. ड्राइव्ह चालले. पुण्याचा तो रोबोट त्यांच्यावर बरीच वर्षं काम करत होता, असं कळलं. कारखान्यानं सरांना तिथेच ठेवून घेतलं, काम मालवणला द्यायचं पूर्वी ठरलं होतं तरीही, आणि सरही नाही म्हणाले नाहीत. कुणासाठी म्हणणार? मग ते आणखी कुठे कुठे गेले, एकदा जपान ऐकलं, एकदा आखात. आम्ही मुली पांगलो. माझं लग्न जामसंड्याला झालं. डवली माझ्याकडे आहे, पण मी ती कधी वापरत नाही.

मला आठवतात ते ड्राइव्ह घेऊन पुण्याला निघालेले, एस.टी. स्टँडवरचे सर. खोकं त्यांनी मांडीवर घेतलं होतं. कंडक्टर म्हणाला, टपावर टाका. त्यावर सरांनी जे भांडण उकरलं, ते ऐकायला अर्धा स्टँड गोळा झाला. शेवटी कंडक्टरनं हात जोडले. सर खिडकीशी बसले, खोकं मांडीवर, खोक्यात मायच्या लुगड्यांत गुंडाळलेले ड्राइव्ह, आणि खाली तो गुडघा. सगळं खोकं हलत होतं.

"सर, गुडघो!" मी खालून ओरडले. "ड्राइव्ह हलतत!"

त्यांनी गुडघ्यावर हात दाबला. गुडघ्यानं ऐकलं नाही. ते माझ्याकडे बघून जरासे हसले. गाडी सुरू झाली तसं डोकं बाहेर काढून म्हणाले, "येतंय गो सुलू."

मी हात हलवला आणि घराच्या वाटेला लागले. बाजार ओलांडला, मासळीवाल्या बायकांची रांग ओलांडली, आणि तिथे मध्येच थबकले. परत यायचंच असेल तर म्हणायला कशाला हवं, असं जो माणूस माझ्यासमोर रोज ओरडत घराबाहेर पडायचा, तो आज "येतंय" म्हणाला होता. मी धावत स्टँडवर परत गेले, पण गाडी केव्हाच निघून गेली होती.